आणि पार्टी

चिखलीत बस स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, दाखले, शिष्यवृत्त्या, सगळं चालतं. माणूस पायरी चढतानाच त्याच्या कागदांत काय कमी आहे ते मला कळतं. थोरल्या भावाचंही कळलं.

दादा वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा फॉर्म भरायला आला होता. हातात आधार कार्ड आणि एक कॅसेट. तो आयुष्यभर बेंजो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, वाजवत आला. लग्नाच्या बँडमध्ये, भजनात, आणि कॅसेटी निघायच्या त्या काळात स्टुडिओतही. गायक कोणीही असो, गाण्याच्या सुरुवातीचा आणि दोन कडव्यांमधला तुकडा दादाचा. त्याला ते लोक पीस म्हणतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. माझ्या दहावीच्या वर्षी त्या बेंजोनं मला अभ्यास करू दिला नव्हता, एवढं आठवतं.

"पुरावा कुठं आहे?" मी विचारलं.

त्यानं कॅसेट पुढं केली. कव्हरवर फेटा बांधलेल्या गायकाचा फोटो, खाली त्याचं नाव आणि त्यापुढं बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'.

"यात तू कुठं आहेस?"

"हे काय. पार्टी म्हंजे मीच नं वं."

"मग पार्टीच्या नावाचं आधार कार्ड आण."

तो हसला नाही. गुडघे गेल्यापासून त्याला बँडबरोबर चालता येत नाही. सून वाढते ते जेवतो, तिच्याकडं मागत काही नाही. या मानधनाशिवाय त्याच्या हातात स्वतःचं असं काही येणार नव्हतं.

मी गायकाला फोन लावला. तो आता देऊळगाव राजाला असतो. "बाई, तेव्हा वाजवायला कोण होतं ते आता कसं सांगू? चार पोरं असायची," तो म्हणाला.

"काय म्हणे?" दादानं विचारलं.

"आठवत नाही म्हणे."

पुराव्याचा रकाना मोकळा सोडून मी फॉर्म जमा केला. पुढं मानधनाच्या निवड समितीनं कलावंतांना कला सादर करायला बोलावलं. दादा पोत्यात गुंडाळून स्टुडिओत वाजवलेला तोच जुना बेंजो घेऊन आला. मी सोबत गेले, कागद सांभाळायला. त्यानं त्या कॅसेटमधल्याच गाण्याचा पीस धरला.

समितीत एक भजनीबुवा होते, स्वतः पेटी वाजवणारे. त्यांनी मध्येच हात वर केला.

"काका, कॅसेट ऐकून शिकले वाटते तुम्ही."

"काऊन?"

"तिथं एक सूर सोडून उडी हाय. तुम्ही बी तशीच मारली. आमच्या गावचे पोट्टे बी तशीच मारतात. त्या गाण्याची खास जागा हाय ते."

"जागा कायची," दादा म्हणाला. "बटण तुटेल होतं."

त्यानं बेंजो त्यांच्याकडं वळवला. बटणांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी वरवट बकाल गावातल्या लग्नात ते तुटलं. स्टुडिओची वेळ ठरलेली, म्हणून तो सूर गाळून त्यानं पीस वाजवला होता.

भजनीबुवांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून पाहिलं. "म्हंजे इतके वर्षं आम्ही पोरायले तुटेल बटण शिकवून राह्यलो?"

"हाव," दादा म्हणाला.

कारकून म्हणाला, "ते ठीक आहे, पण पुराव्याच्या रकान्यात काय लिहायचं?"

मी पेन घेतला आणि लिहिलं: बेंजो, एक नग. एक बटण नाही. भजनीबुवांनी खाली सही केली.

यादी लागली तेव्हा दादाचं नाव तीत होतं. मी त्याला म्हटलं, आता तरी ते बटण बसवून घे.

"काऊन?" तो म्हणाला. "मंग मीच वाजवून राह्यलो हे समजन कसं?"