मोंबासाकाकू

पोलीस ठाण्यात जायचं म्हटलं की मोंबासाकाकू ठेवणीतलं लुगडं काढायच्या. वहाणा पुसून घालायच्या आणि आमच्या आळीतून अशा निघायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई भाच्यासाठी मुलगी बघायला चालल्यात! काम एवढंच, की मी परदेशी आहे आणि अजून इथंच आहे, असं हवालदाराला सांगून परत यायचं. गंमत म्हणजे ज्या घरातून त्या निघायच्या, त्याच घरात त्यांचा जन्म झाला होता.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कोकणातलं हेल काढून बोलणं मला निम्मं कळायचं नाही. घरात तिन्ही त्रिकाळ भात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गडग्यापलीकडून हाक आली, "नवी ना गो तू? भाताला कंटाळली असशील तर ये हो. मला भाकरी येते. मोंबासाला शिकले, नगरच्या शेजारणीकडून." साताऱ्याच्या सुनेला आफ्रिकेत शिकलेली भाकरी कोकणात मिळाली, आणि ती माझ्या भाकरीपेक्षा चांगली होती, हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही.

सोळाव्या वर्षी बोटीत बसून त्या सासरी, मोंबासाला गेल्या. यजमान तिकडे रेल्वेत कारकून. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा यजमानांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला आणि काकूंनी ते म्हणाले तिथं सही केली. पुढं मुलगा लंडनला गेला, यजमान वारले, आणि काकू वडिलांच्या बंद घराचं कुलूप काढून इथं राहिल्या. मध्यंतरी नियम बदलले, मुदती आल्या, हजेरी आली. चिडचिड माझी व्हायची. त्या म्हणायच्या, "पोले पोले!" म्हणजे तिकडच्या भाषेत सावकाश.

एकदा मी विचारलंच, "काकू, तुम्ही स्वतःला नक्की कुठल्या समजता?"

"तू कुठली? साताऱ्याची की इथली?"

"दोन्हीकडची."

"मग! बाईला दोन घरं असतात, त्याला कुणी फितुरी म्हणत नाही. माहेरी गेलीस की सासरचं नाव पुसून जातेस होय? माझं बाळंतपण तिकडच्या शेजारच्या फातुमानं केलं. तिच्या दारचं पाणी मी विसरू? आणि हे विसरू?" असं म्हणून त्यांनी अंगणातल्या माडाकडे हात केला.

उन्हाळ्यात आळीची विहीर उपसायची असली की तरण्या पोरांना घराघरातून उठवून आणण्याचं काम त्यांचं. एक जण वैतागून म्हणाला, "काकू, तुम्हाला इथं मतसुद्धा नाही. कशाला ताप करून घेता?"

"मेल्या, मत नाही, पण तहान आहे ना!"

आणि मग एका वर्षी मुदत वाढली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. चैत्र संपायच्या आत देश सोडायचा, असं हवालदारानं खाली मान घालून सांगितलं. लंडनहून मुलाचा तगादा होताच.  काकू मला म्हणाल्या, "पालखी येऊन जाऊ दे. मग बघू."

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारोदार येते आणि मानकरी त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो. काकूंच्या अंगणात पालखी टेकली. काकू ओटीचं ताट घेऊन उभ्या. तात्या मानकऱ्यानं हात जोडून आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ही तुजी लेक परमुलखातनं आली हाय. तिला सुखरूप तिच्या देशी पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. सवयीनं मीसुद्धा.

काकूंचा चेहरा उतरला. "तात्या, हे काय मागितलंस रे? तेवढं एकच नको होतं मला."

तात्यानं जीभ चावली. मुंबईची पोरं असोत, आखातातली असोत, बाहेरून आलेल्या माणसासाठी तो वर्षानुवर्षं हेच म्हणत आला होता. "काकू, देवाम्होरं घातलेलं गाऱ्हाणं मागं घेता येत न्हाय."

"मग पुढचं घाल."

तात्यानं ढोलवाल्यांना हात केला. ढोल थांबले. मग त्यानं पुन्हा हात जोडले. "बा म्हाराजा! हिचा देश कंचा, आमाला ठावं न्हाय. सरकारलाबी ठावं न्हाय. तुला ठावं हाय. तितं तिला पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज काकूंचा होता.

तरी त्यांना जावं लागलंच. देवाचं सरकारपुढं काही चाललं नाही. लंडनच्या थंडीत त्या फार दिवस टिकल्या नाहीत. आता काकू म्हटलं की मला एसटी स्टँडवरची ती सकाळच आठवते. मुंबईची गाडी लागलेली, निम्मी आळी पोचवायला आलेली, आणि एका बाजूला तो हवालदार. बाई गाडीत बसल्याचं वर कळवायची त्याला ड्यूटी होती.

"चहा घेतलास का रे?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

"घेतला. काकू, परत कधी येणार ते विचारायचंय."

"पाहुण्याला कधी जाणार विचारू नये आणि घरच्याला कधी येणार विचारू नये. इतकी वर्षं माझी हजेरी घेतलीस, एवढं शिकला नाहीस?"

गाडी हलली. हवालदारानं टोपी काढून काखेत मारली, गाडीबरोबर चार पावलं चालला आणि खिडकीशी तोंड नेऊन म्हणाला, "लवकर या, काकू."

मला इतकं भरून आलं की माझं 'लवकर या' म्हणायचं राहूनच गेलं.