मिरचीच्या हंगामातला रियाज

भिवापूरच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली. मी खिडकीपाशी बसले, आईने खालून पिशवी दिली आणि एवढंच म्हणाली, "गळा सांभाळजो, माय." पिशवीत दोन ड्रेस, ओढण्या आणि घरी कांडलेल्या तिखटाचा डबा. आमचं घर मिरचीवरच चालतं. हंगामात आई व्यापाऱ्याकडून पोती आणायची, देठ तोडून परत द्यायची. अंगणापासून चुलीपर्यंत नुसता लाल ढीग. त्या ढिगाशेजारी बसून मी भजनं म्हटली, पण ठसका म्हणून कधी लागला नाही.

वाटेत डब्याचं झाकण सैल झालं. संगीत महाविद्यालयातल्या पहिल्याच तासाला मी ओढणी झटकली आणि अख्खा वर्ग शिंकायला लागला. मॅडमनी डोळे पुसत तानपुरा खाली ठेवला. "गाणं शिकायचंय ना? मग हे आजपासून बंद." तेव्हा मलाही हसू आलं होतं.

बंद म्हणजे सगळंच बंद. तिखट, लोणचं, तळलेलं. मनीषनगरातल्या खोलीवर पहाटे खर्जाचा रियाज, मग कॉलेज, मग फ्लॅटमधल्या मुलांच्या शिकवण्या आणि शेवटी फिकं वरण. दिवसभर सूर लावून लावून संध्याकाळी बोलायचाही कंटाळा येतो. तुमच्यापैकी जे घर सोडून आलेत त्यांना हा थकवा सांगायला नको. झोपून तो उतरत नाही.

गेल्या हंगामात घरी गेले तर दारातच ठसका लागला. ज्या हवेत वाढले, तीच सोसेना. परतले ती बसलेला आवाज घेऊन, आणि मंचावरच्या परीक्षेत धड षड्जही लागला नाही. नापास झाले. यंदा पुन्हा बसायचंय, आणि ही शेवटची संधी. मॅडमनी बजावलं, हंगामात घरी जायचं नाही. आईला फोनवर तसं सांगितलं.

"नको येऊ मंग," म्हणाली. मला रडू आलं.

पंधरवड्याने तिचाच फोन आला. "ये आता. घर साफ केलं."

गेले. फरशी धुतलेली, भिंती पुसलेल्या, मिरचीचा एक देठ कुठे दिसेना. आईने पोती घरी आणणं सोडून दिलं होतं. आता ती दिवसभर व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन देठ तोडते. घराला फिनाईलचा वास येत होता, आणि पाहुण्यासारखी मी खुर्चीवर बसून राहिले.

संध्याकाळी मोबाईलवर तानपुरा लावून यमन सुरू केला. तेवढ्यात आई कामावरून आली आणि दाराबाहेरच पायरीवर टेकली. मी थांबले. म्हटलं, "आत ये ना."

"लुगड्याले मिरची लागली हाय. तू काहून थांबली वं? म्हण. मी इथूनच आयकून राहिली."

मी गायले. कितीतरी महिन्यांनी आवाज मोकळा लागला, आणि त्याचा आनंद काही होईना. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं: आत मी गाते, आणि माझी आई दाराबाहेर बसते.