कोबुशी आणि माझे तीन माईक

"माईक गेला," म्हणत मी तिसरा माईक बदलला, तेव्हा स्टेजवरच्या जपानी बाई कमरेत वाकल्या. त्या वाकल्या की मीही वाकायचो. त्या सकाळच्या तालमीत माझे जन्माचे सूर्यनमस्कार उरकले.

तीस वर्षं साऊंड करतोय. श्रीवर्धनला मी बास सोडला की वाडीतल्या सुपाऱ्या आपोआप खाली येतात, झाडावर चढायला माणूस लागत नाही. पण किहीमच्या रिसॉर्टवर, जपानी कंपनीच्या अॅन्युअल डेला, माझी विद्या आटली. बाईंचा सूर लांबला की थरथरायचा. केबल बदलली, जॅक बदलला. थरथर तशीच.

"काका, बिघाड न्हाय तो!" दुभाषी केतकी म्हणाली. चौलची पोर. "कोबुशी म्हणतात त्याला. बाई म्हणतायत, तेवढी थरथर शिकायला गुरूच्या घरी तीन वर्षं भांडी घासली. काढू नका."

बाई एन्का गायच्या, म्हणजे जपानी विरहगीतं: बंदर, पाऊस, परत न आलेला माणूस. बाईंचं नाव मिदोरी, मच्छीमाराची मुलगी. सतराव्या वर्षी घर सोडलं. कॅसेटचे खोके घेऊन गावोगाव दुकानांपुढे उभं राहून गायल्या, तेव्हा कुठे नाव झालं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचा हा पहिला शो.

दुपारी बाईंच्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "रेकॉर्डेड व्हॉइस रेडी. आवाज फाटला, फेडर अप. मॅडमला सांगू नको." फेडर म्हणजे आवाज चढवायची सरकपट्टी.

"आणि फाटलेला लोकांनी ऐकला तर?"

"ऑल शो कॅन्सल. रिटायर."

संध्याकाळी कार्यक्रमात, शेवटच्या गाण्यात सगळ्यात वरच्या सुरावर बाईंचा आवाज थरथरला, चिरला, क्षणभर थांबला आणि पुढे गेला. मॅनेजर बुडणाऱ्यासारखे हात हलवत होता. मी पट्टीला बोट लावलं नाही. सकाळपासून तीनदा न मोडलेली वस्तू दुरुस्त केली होती.

"कोबुशी!" मी त्यालाच ओरडून सांगितलं.

समोर जपानी इंजिनियर रडत होते. खोटं सांगत नाही, रिसॉर्टवाल्याने दोन दिवस लॉनला पाणी घातलं नाही. तेच गाणं बाईंना पुन्हा म्हणावं लागलं.

नंतर बाई माझ्याकडे आल्या. केतकी म्हणाली, "विचारतायत, आवाज खरंच फाटला तेव्हा रेकॉर्डेड ट्रॅक का नाही लावलात? त्यांना ट्रॅकचं ठाऊक होतं."

"फाटला? कधी?"

केतकीने ते जपानीत सांगितलं. बाई इतक्या हसल्या की मॅनेजर धावत आला. त्याला त्यांनी तिथेच बजावलं: यापुढे ट्रॅक बरोबर आणायचा नाही. उरलेले सगळे शो तसेच झाले.

धडा एवढाच, की साऊंडवाल्याला थोडं कमी कळलं तरी कार्यक्रम चांगला होतो. गावात मात्र मी सांगतो, सगळं ओळखूनच गप्प बसलो होतो.