धाब्यासमोरचे कोन

त्या धाबेवाल्याला मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. आजही गस्तीच्या गाडीतून त्याच्यासमोरून जातो तेव्हा तो खाटेवरून मान वर करून बघतो, मीही काच खाली करून बघतो. आमच्यात एवढाच व्यवहार उरला आहे.

मी बडनेऱ्याचा. अमरावती-अकोला महामार्गावर बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणाऱ्या गस्तीवर लागलो तेव्हा मला ज्याच्यासोबत दिलं, तो ड्रायव्हर अकोटकडचा होता. पन्नाशी ओलांडलेला, तोंडाचा कडू. घरची शेती भावांनी वाटून घेतली म्हणून त्याचा जगावर राग, आणि जग म्हणून दिवसभर शेजारी मी बसलेलो. पहिल्याच दिवशी मी एका बंद कारजवळ उतरलो आणि मालकाशी बोलत येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून उभा राहिलो. त्याने मागून कॉलर धरून मला फिरवलं.

"रस्त्याकडं पाठ केली ना, तं ट्रक राहू दे, मीच उडवीन तुले."

सगळ्या लोकांसमोर. कारमधल्या बाया हसल्या. मला तो माणूस त्याच क्षणी नकोसा झाला.

पण काम त्याच्याकडूनच शिकलो, दुसरं कोणी शिकवणारं नव्हतं. आपली गाडी बंद गाडीच्या बरीच मागे लावायची, पुढची चाकं डावीकडे वळवून, म्हणजे मागून कोणी ठोकलंच तर ती सरळ माणसांवर जाणार नाही. उतरायचं डाव्या दारानं. लाल-पांढरे, शंकूसारखे प्लास्टिकचे कोन लावत येणाऱ्या गाड्यांच्या दिशेनं चालत जायचं, नजर समोर, आणि परत येताना कठड्याच्या पलीकडून यायचं. प्रवाशांना गाडीत बसू द्यायचं नाही, कठड्याबाहेर न्यायचं. लोक ऐकत नसत. "आम्ही उन्हात काहून उभं राहावं?" म्हणत भांडत. एका नवरदेवाच्या मामानं तर माझ्या अंगावर बाटलीतलं पाणी फेकलं होतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे हा धाबा. तिथं ट्रक थेट रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर उभे राहत. बंद पडलेल्या गाड्यांसाठी ठेवलेली ती जागा त्याने स्वतःच्या गिऱ्हाइकांची केली होती. आमचे कोन मागून उचलले जात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात दिसत, कारवाल्यांना जागा राखून ठेवायला. एकदा मी मागायला गेलो.

"कोणत्या गावचा तू?"

सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दात कोरत म्हणाला, "असं म्हणा ना साहेब. जय भीम! आता तुमचंच राज्य हाय, हे कोन काय मांगता?"

आमच्या घरात जो शब्द आजीपासून आदरानं उच्चारला जातो तो त्याने थुंकल्यासारखा उच्चारला. मी गाडीकडे वळलो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, खाली उतरला नव्हता. त्याने सगळं ऐकलं होतं, तरी मी बसताच नुसती गाडी सुरू केली. पुढचे कित्येक दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

सुपरवायझरला गाडीतून फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तेवढ्यासाठी वाद नको. दगडं लावून भागवा." यावर मात्र ड्रायव्हर उसळला. "दगडं लावाचे नाहीत. गाडी हालली का दगड तिथंच राह्यते, मंग मोटरसायकलवाला मरते त्याच्यावर." सुपरवायझरनं फोन ठेवून दिला. कोन काही आले नाहीत.

मग ती दुपार. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. अकोटहून कापसाच्या गाठी घेऊन निघालेला ट्रक धाब्याच्या थोडं अलीकडे, मोरीजवळ बंद पडला. चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. बाजूला घ्यायला जागाच नव्हती, कारण धाब्याच्या ट्रकांची रांग पार मोरीच्याही मागे गेली होती. ट्रक डाव्या लेनमध्ये तसाच उभा.

आम्ही पोचलो तेव्हा ट्रकवाला खाली शिरून पडलेला, फक्त पाय बाहेर. ड्रायव्हरनं ते पाय धरले आणि त्याला खेचून बाहेर काढला.

"मराचं असन तं दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन मर! माया हद्दीत नोको!"

ट्रकवाला हात उगारून आला. ड्रायव्हरनं त्याला ढकलतच कठड्याबाहेर नेलं आणि आमच्या गाडीच्याही मागे, ज्या बाजूनं गाड्या येतात तिकडे उभं केलं. ठोकर बसली तर सगळं पुढे फेकलं जातं, म्हणून.

कोन लावले, पण रांग अर्ध्यातच संपली. ड्रायव्हरनं लाल झेंडा घेतला. "मी हालवतो. तू जाय, त्याच्या दारातले उचलून आण. इचारू नोको."

मी कठड्याच्या पलीकडून धाब्यावर गेलो. तो खाटेवरच होता. मी कोन उचलायला लागलो तसा उठला.

"ठेव खाली."

"रस्त्यात ट्रक उभा हाय. माणूस मरन तिथं."

"मेला तं सांग, येतो पाह्याले."

मी दोन कोन काखेत मारून वळलो. त्याने माझं जॅकेट धरलं, तोंडात मारली आणि एक शब्द बोलला. तो शब्द इथे लिहीत नाही, पोलिसांतल्या तक्रारीत लिहिला आहे. मी हातातला कोन त्याच्या छातीवर हाणला. जेवणारे ट्रकवाले ताटावरून उठले. तेवढ्यात मोरीकडून आवाज आला. पत्रा फाटल्याचा, आणि पाठोपाठ लांबलेला हॉर्न.

धावत गेलो. एक कंटेनर आमच्या गाडीवर आला होता. वळवलेल्या चाकांमुळे गाडी गाठींच्या ट्रकवर न जाता डावीकडे घसरून धाब्याच्या एका रिकाम्या ट्रकमध्ये घुसली होती. ट्रकवाला कठड्याबाहेर दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसलेला. कंटेनरवाला कॅबिनमधून उतरून रडत होता. ड्रायव्हर कुठेच दिसेना.

तो मोरीखालच्या उतारावर सापडला. झेंडा हलवत शेवटपर्यंत उभा राहिला, मग उभ्या ट्रकांच्या फटीतून पळत कठड्यावरून उडी टाकली, ती थेट दगडांवर. पाय मांडीपासून भलताच वळला होता. मी हात लावायला गेलो तर ओरडला, "हात नोको लावू बे! अँबुलन्स बोलव!"

धाब्यावरची माणसं कठड्याला टेकून मोबाइलवर शूटिंग करत होती. धाबेवालाही त्यांच्यात होता.

मी तक्रार दिली, कोनांची, मारल्याची आणि त्या शब्दाची. धाबेवाल्यानं उलटी तक्रार दिली की मीच त्याच्यावर हल्ला केला. सुपरवायझर घरी आला, माझ्या बायकोसमोर म्हणाला, "माफी मागून मिटवा, नोकरी टिकेल." मी त्याला दार दाखवलं.

साक्षीदार कोणी मिळेना. जेवणारे ट्रकवाले आपापल्या राज्यांत निघून गेले होते. शेवटी अमरावतीच्या दवाखान्यात ड्रायव्हरकडे गेलो. पायाला वजन लटकवलेलं होतं.

"काहून आला?"

मी सांगितलं.

"त्या दिवशी काय म्हणला तो तुले, आडनाव इचारून, ते ऐकलं होतं मी. तेही सांगतो. पण हे ध्यानात ठेव, तुयासाठी नाही. माया पायासाठी देऊन राहिलो साक्ष."

मी आभार मानले नाहीत. त्यालाही ते नको होते. पण पोलिसांसमोर तो एक अक्षर इकडचं तिकडे न करता बोलला, आणि माझी नोकरी टिकली ती त्यामुळे. केस अजून चालू आहे. धाब्यासमोर आता सिमेंटचे ठोकळे बसवलेत, ट्रक थांबत नाहीत. त्याचा धंदा पडला आणि त्याचा दोष तो मलाच देतो. देऊ दे.

ड्रायव्हर कामावर परत आला नाही. मागच्या हिवाळ्यात अकोटच्या एसटी स्टँडवर तो दिसला, काठी टेकत बसकडे निघालेला. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोट सुटलं तुयं. पळता येते का?"

"येते."

"हाव?" म्हणाला, आणि माझा पुढे केलेला हात बाजूला सारून स्वतःच दांडा धरून एसटीत चढला.