थापीचा दांडा

मन्नाएखेळ्ळीत शाळेत शिकवायला जाताना अण्णाचं घर लागतं. तो गवंडी. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडून मणका मोडला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही. दिवसभर दारातल्या खाटेवर असतो. थापी अजून उशाशी ठेवतो.

मी दिसलो की विचारतो, "सर, आज काय नवं निघालंय?"

मी मोबाईलवरच्या बातम्या वाचून दाखवतो. स्वतःच्या भेगा स्वतः बुजवणारं काँक्रीट, भूकंपात डुलून पुन्हा सरळ होणाऱ्या इमारती. तो हसतो. "मग आमाला कोण बोलवायलंय?" मणक्याच्या ऑपरेशनची बातमी असली की मात्र हसत नाही, दोनदा वाचायला लावतो.

परवा तुटलेल्या मज्जारज्जूवरच्या नव्या उपचाराची बातमी होती. हे सगळं अजून उंदरांवरच चाललंय, हे शेवटचं वाक्य मी गाळलं. माझ्यानं वाचवेना.

त्यानं थापी उचलली. गिलावा कुठं पोकळ आहे हे बघायला गवंडी भिंत ठोकतात, तसं दांड्यानं स्वतःची नडगी ठोकली. कान लावून ऐकलं. पुन्हा ठोकली.

"भरीव वाजायलंय, सर. मग कळंना कामून?"

मी मोबाईल खिशात टाकला.

"त्या डॉक्टरास्नी कळवा. एक माणूस तयार हाय म्हणावं."

"कळवतो, अण्णा," मी म्हणालो.

आज सकाळी बघितलं, तर खाटेखाली त्याच्या चपला पुसून मांडून ठेवल्या होत्या.