न घसरणारी फरशी

मोतीराम जवंजाळ सरांना देऊळघाटात सगळे ‘चाकंवाले सर’ म्हणतात. आमच्या शाळेत ते पी.टी. शिकवतात, मी चित्रकला. म्हणजे दोघांचेही तास गणितवाले हक्कानं मागून नेतात. असल्या दोन माणसांची गट्टी जमायचीच.

सरांना स्केटिंगचा नाद लागला अमरावतीला शिकताना. नोकरी लागल्यावर तिथल्या एका क्लबानं टाकून दिलेले आठ जोड स्केट्स त्यांनी पोत्यात भरले आणि एसटीनं इकडे आणले. गावानं आधी पोटभर हसून घेतलं. मग पाचवीतली मलिहा त्या चाकांवर उभी राहिली आणि दोन आठवड्यांत शाळेचा व्हरांडा तिला पुरेना. अंगात कला असलेली पोरं मी पुष्कळ पाहिली, त्यातली निम्मी मीच बिघडवली असतील. पण ही पोरगी वळण घ्यायची तेव्हा हातातली पेन्सिल ठेवून नुसतं बघत बसावंसं वाटायचं.

व्हरांडा पुरेना म्हणून सर पोरांना पहाटे बुलढाणा रस्त्यावर नेऊ लागले. एक दिवस दुधाची गाडी अंगावर आली, मलिहा बाजूच्या नालीत पडली आणि तिचं कोपर मोडलं. तिचे वडील गुलाम रसूलभाई गवंडी. ते शाळेत आले. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “सर, सडकेवर आता नाई. चार भिंतीतली जागा करा, मंग घेऊन जा पोरीले. पन ती पडली नाई पाह्यजे.”

“रिंक होऊ द्या, भाऊ. तिथं पडनारच नाई. माहा शब्द हाये,” सर म्हणाले.

त्या शब्दापायी माणसाची चार वर्षं गेली. रिंकचा, म्हणजे स्केटिंगच्या मैदानाचा, नकाशा मी काढला. लांबी, रुंदी, वळणाचा गोल, कठड्याची उंची, सगळं शाईनं. तो घेऊन सर बुलढाण्याच्या कचेऱ्या झिजवू लागले. पहिल्याच ठिकाणी बाबूनं विचारलं, “रिंक म्हंजे ते बर्फाचं ना? बर्फ काय रसवंतीवाल्याकडून आनता?” अख्खी कचेरी हसली. सरही हसले, कारण सही हवी होती. दुसऱ्या वर्षी फाइल हरवली. तिसऱ्या वर्षी सापडली, तर साहेबांची बदली. इकडे गावच्या पुढाऱ्यांना रिंकसाठी मागितलेल्या जागेवरच सभामंडप पाहिजे होता. सर एकेकाच्या ओसरीवर जाऊन बसले, चहा प्यायले, नको ते ऐकून घेतलं. मी असतो तर तिसऱ्या ओसरीवरच भांडलो असतो.

या सगळ्या काळात मलिहा स्केट्सच्या चाकांना तेल घालून ते पुसून ठेवायची. पायात एकदाही घातले नाहीत, बापाला शब्द दिला होता. पाय वाढले तसे सर पोत्यातला मोठा जोड देत गेले. आता ती नववीत आली होती. दहावीला खेळ बंद, हे तिच्या घरात ठरलेलं होतं. हातात हे एकच वर्ष होतं.

आणि मंजुरी आली! ठेकेदारानं फरशीचं काम दिलं गुलाम रसूलभाईंनाच. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा फरशीचा हात नाही. त्यांना आम्ही काय सांगणार? म्हणून काही सांगितलं नाही. इथेच आमचं चुकलं.

सिमेंटची फरशी ओतली त्या दिवशी सर बुलढाण्याला होते. फरशीच्या खर्चाच्या कागदावर सही हवी होती आणि साहेब संध्याकाळपर्यंत मीटिंगमध्ये. सर परतले तेव्हा फरशीवर ओली पोती अंथरलेली, वर पाणी सोडलेलं. “पंधरा दिवस कोनी हात नाई लावायचा,” रसूलभाईंनी बजावलं. सर खुशीत घरी गेले.

बाराव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. मला सोबत घेऊन गेले आणि कोपऱ्यातलं एक पोतं उचललं. खाली चौकडे होते. दोन-दोन बोटांचे, खोल, सरळ, सुबक चौकडे. दुसरं पोतं उचललं, तिथंही तेच. गोठ्याच्या उतारावर गुरांचा पाय घसरू नये, मशिदीत नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूच्या जागी म्हाताऱ्यांचा तोल जाऊ नये, म्हणून गवंडी ओल्या सिमेंटवर सुतळी ताणून दाबतात, तसे. रसूलभाईंनी एक टोक स्वतः धरलं होतं आणि दुसरं बायकोला, सरवरीभाभींना, धरायला लावलं होतं. अख्ख्या रिंकवर. दिवस मावळेपर्यंत नवरा-बायको वाकून रेघा पाडत होते, असं वॉचमननं कौतुकानं सांगितलं.

सर तिथंच ओल्या पोत्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, घासलं तर वरचा थर जाऊन गिट्टी उघडी पडेल, वरून थर दिला तर पापुद्र्यासारखा निघेल. फोडून नवीन करायचं तर नवी मंजुरी आणा. कचेरीत सांगितलं, त्या जागेवर पुन्हा निधी पाच वर्षांनी.

“रसूलभाईले सांगा तरी,” मी चिडून म्हणालो.

“काय सांगू? पोरीचा खेळ तुह्याच हातानं संपला म्हनून सांगू?” सर म्हणाले. “पडनार नाई, हा शब्द मी देल्ता. त्यानं तो पाळला, बाप्पा.”

मला सरांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. माझ्या त्या देखण्या नकाशात ‘फरशी गुळगुळीत हवी’ एवढं एक वाक्य नव्हतं.

पंधराव्या दिवशी रसूलभाईंनी धुतलेला सदरा घालून पोती काढली. सरवरीभाभी डब्यात शिरखुर्मा घेऊन आल्या होत्या. मलिहानं कठड्यावर बसून स्केट्स बांधले, उठली आणि एक पाय पुढे सरकवला. चाक पहिल्याच रेघेत अडकलं. तिनं जोर लावला. खड्डकन आवाज झाला आणि चाक पुढच्या रेघेत अडकलं.

पोरीला कळलं. तिनं मान वर करून सरांकडे पाहिलं. सर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले, नाडी सुटलेली नव्हती. मग तिनं वडिलांकडे पाहिलं. ते दोन्ही हात पुढे करून उभे होते, पडलीच तर झेलायला.

मलिहा चालू लागली. पाऊल उचलायचं, टाकायचं, पुन्हा उचलायचं. कठड्याला धरून नाही, मधून. तिनं पूर्ण फेरी मारली. तेवढ्याला आठ-दहा मिनिटं लागली असतील. पावलागणिक चाकं खडखडत होती.

“अब्बा, बहुत बढिया बना है,” ती म्हणाली.

रसूलभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सरांचा हात धरला. “पाह्यलं का, सर? एकदाही पडली नाई.”

“नाई पडली, भाऊ,” सर म्हणाले.