गंगूआक्कांचं अंगण

गंगूआक्कांना मी कधी उभं पाहिलं नाही, पण अंगण सारवायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. त्या माझ्या थोरल्या नणंद. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेले, लग्न राहिलं, म्हणून बेडसे गावच्या आमच्या घरातच असत. इतर बायका उकिडव्या बसून मागे सरकत सारवतात. आक्का जमिनीवर बसून अंग मागे ओढायच्या. लुळे पाय ओल्या शेणावरून फरफटत यायचे आणि दोन वाकड्या रेघा उमटायच्या. त्या रेघा आक्का पुसत नसत. त्यांच्या आजूबाजूला बोटांनी कमानी काढत, एखादी हातभर, एखादी टीचभर. ना फूल, ना पान.

"हे काय काढलंय, आक्का?" मी नवी नवरी असताना विचारलं.

"काय न्हाई गं. हात म्हनला तिकडं मी गेले."

पहिलं महायुद्ध संपल्यावरच्या उन्हाळ्यात मी या घरात आले. तळेगावची, चार इयत्ता शिकलेली. माझे रांगोळीतले मोर बघायला माहेरी सगळी आळी यायची. इथे मी रोज आक्कांच्या सारवणावर मोर काढायची आणि बायका मोर ओलांडून त्या रेघांपाशी थबकायच्या. "लय बगावं वाटतं," म्हणायच्या. काय, ते एकीलाही सांगता येत नसे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पांगळ्या बाईचा हेवा करते याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की हेवा आणखी वाढायचा.

धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या सकाळी, आठ दिवस घोकलेली नक्षी काढायला मी रांगोळीचा डबा घेऊन निघाले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दारातच अडवलं. "आज रांगोळी नगं. गंगीचं काम झाकू नगंस. आज समद्यांनी बगू दे."

त्या आत वळल्या. मी ओल्या सारवणावरून, मुद्दाम पाय दाबत, थेट तुळशीपर्यंत चालत गेले. वळून पाहते तर कोपऱ्यात शेणाचं घमेलं घेऊन आक्का बसलेल्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

आक्का सरकत आल्या आणि माझ्या एकेका पावलाभोवती बोटं फिरवू लागल्या.

आत्याबाई बाहेर येऊन कडाडल्या, "कोन चाललं गं वल्यात?"

"मीच म्हनलं हिला, चाल," आक्का म्हणाल्या. "मला पावलं कुटनं यायची? हिची घेतली."

वऱ्हाडातल्या बायका वाकवाकून बघत होत्या. पावलं माझी आणि कौतुक आक्कांचं! मी आत जाऊन रडले. त्यांनी मला वाचवलं म्हणून नव्हे. माझ्या दुष्टपणातूनही त्यांना जे काढता आलं, ते मला मोरांतून कधीच जमलं नव्हतं, म्हणून.

आक्का गेल्या तेव्हा तेराव्याच्या दिवशी अंगण मी सारवलं. त्यांच्यासारखीच जमिनीवर बसून, पाय ओढत. सगळ्या कमानी एकसारख्या आल्या. मी चिडून उठले आणि त्या कमानींवरून पाय दाबत तुळशीपर्यंत गेले. मग वळून पाहिलं. कोपऱ्यात कुणी नव्हतं.